भीड आणि ब्रॉडबँड

मराठीत काही शब्द असे आहेत की त्यांना अर्थ नसतो, नुसता आवाज असतो. 'हं', 'बरं', 'हो का?', 'असं होय!' ही त्यांतली प्रमुख मंडळी. लहानपणी आजी गोष्ट सांगायची तेव्हा हुंकार द्यावाच लागे. त्या हुंकाराचा अर्थ 'मी जागा आहे' एवढाच. राक्षसाने राजकन्या पळवली यावर 'हं' म्हटलं म्हणून आम्ही त्या कटात सामील आहोत, असं आजीने कधी मानलं नाही.

फोनवरून इंटरनेट विकणारी कंपनी मात्र मानते. आमच्या शेजारच्या काकांना, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, दुपारी अडीचला, म्हणजे सज्जन माणसाचा नुकता डोळा लागतो त्या मुहूर्तावर, फोन आला. "काका, जेवलात का? तुमचं जुनं कनेक्शन आज रात्री बंद होतंय." काका म्हणाले, "हो का?" "तुमच्यासाठी खास फायबर, दोनशे एमबीपीएस." "बरं." "ऑफर सहा वाजेपर्यंतच आहे हं काका." "असं होय!" दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी घेऊन दोन माणसं दारात हजर. जुनं कनेक्शन अर्थातच ठणठणीत चालू होतं. काका इंटरनेट वापरतात ते सकाळी 'शुभ प्रभात' पाठवायला आणि रविवारी अमेरिकेतल्या नातीचं तोंड बघायला. दोनशेच्या वेगाने त्यांचं शुभ प्रभात आदल्या दिवशीच पोचलं असतं!

आता प्रश्न असा की काकांनी होकार दिला होता का? काकूंच्या मते काका बावळट आहेत. पण तो निर्णय त्यांनी लग्नाच्या वर्षीच दिलेला असल्यामुळे इथे उपयोगाचा नाही. काकांचं म्हणणं वेगळं. "पोराने वीस मिनिटं घसा कोरडा केला. त्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं? त्यालाही टार्गेट असतं."

हा युक्तिवाद दिसतो तितका भाबडा नाही. तो पोरगाही कुणाचा तरी नातूच. पण काकांच्या दयेतलं त्याच्या पदरात पडणार किती? दया मुलावर करायची आणि बिल कंपनीने लावायचं! माणसाला भीड वाटते ती माणसाची, यंत्राची नव्हे. म्हणून तर तिथे गोड आवाजाचा मुलगा बसवतात. भीड भिकेची बहीण म्हणतात, हल्ली ती कंपनीची बिनपगारी नोकर झाली आहे. आणि जो आपल्या सभ्यतेचा हिशेब आधीच मांडून बसला आहे, त्याचं सभ्यतेचं देणं आपण लागत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यातून ही पिढी अर्ज करून वर्षानुवर्षं फोनची वाट पाहिलेली. ओ.वाय.टी.त जादा अनामत भरलेली, लाइनमनला चहा पाजलेली! टेलिफोनवाल्याने आपण होऊन फोन करावा आणि वर 'काका' म्हणावं, याचं तिला अजून अप्रूप आहे.

सरकारलाही हा प्रश्न पडला आहे. ग्राहकाची स्पष्ट संमती घेऊन तिची दुसऱ्यांदा खातरजमा केल्याशिवाय मोबाइलवर जादा सेवा सुरू करू नये, असा आदेश दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१३ साली काढला. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन विक्रीतल्या तेरा लबाड्यांची यादी निघाली. खोटी घाई करणं आणि लाज वाटायला लावून होकार काढणं, दोन्ही तीत आहेत. नको असलेले विक्रीचे फोन थांबवायला १९०९ वर नोंदणी करता येते. मी काकांना तसं सुचवलं. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पण मग दुपारी जेवलात का, असं विचारणार कोण?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकूंकडे होतं. परवा फोन आला तेव्हा तो त्यांनीच घेतला. "घ्यायचं काही नाही रे बाळा, उगाच दमू नकोस. पण तू जेवलास का?"

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग तो मुलगा म्हणाला, "नाही अजून, काकू. तीन झाल्याशिवाय सोडत नाहीत."