एकाच घरातली दोन पुस्तकं

नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आला आणि मराठी कवितेत काय लिहिता येतं याची हद्दच सरकली. १९८४ साली मलिका अमर शेख यांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ प्रसिद्ध झालं. पहिल्या पुस्तकाचा कवी हा दुसऱ्या पुस्तकातला नवरा. कलावंत माणूस म्हणून कसा वागला याचा त्याच्या कलेच्या आस्वादाशी काही संबंध आहे का, हा वाद निघाला की मला ही दोन पुस्तकं शेजारीशेजारी ठेवावीशी वाटतात. मराठीत हा प्रश्न इतका टोकदार होऊन दुसरीकडे कुठे उभा राहिल्याचं मला दिसत नाही.

एरवी हा वाद ठरलेल्या दोन वाक्यांत अडकतो. एक म्हणतो, माणूस वेगळा आणि कला वेगळी. दुसरा म्हणतो, असल्या माणसाचं वाचायचंच कशाला? दोघांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. पुस्तक पुन्हा उघडून बघण्याची तसदी दोघांनाही नको असते. पहिल्याला आपलं जुनं कौतुक जसंच्या तसं जपायचं असतं, दुसऱ्याला ते एका फटक्यात टाकून मोकळं व्हायचं असतं. वाचकाचं काम त्यापेक्षा अवघड आहे आणि ते टाळता येत नाही, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून आधी ‘गोलपिठा’च बघू. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यात जन्मलेला मुलगा बापाच्या पाठोपाठ मुंबईत येतो, कामाठीपुऱ्याच्या अंगाला वाढतो, पुढे टॅक्सी चालवतो आणि त्या वस्तीची बोली घेऊन कविता लिहितो. पुस्तकाला प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. या संग्रहात ‘मंदाकिनी पाटील’ ही एका तरुण वेश्येवरची कविता आहे. तिच्यातली करुणा लांबून हळहळणाऱ्याची नाही. त्या गल्लीत राहिलेल्या माणसाचा संताप तिच्यात आहे, शरीराच्या बाजाराची किळस आहे, आणि त्या बाजारात पुरुष म्हणून आपणही उभे आहोत याची जाणीव आहे. बाईच्या देहाची इतकी निर्घृण विटंबना मराठी कवितेने त्याआधी अशी डोळ्याला डोळा देऊन पाहिली नव्हती.

आता दुसरं पुस्तक. शाहीर अमर शेख यांची मुलगी, चळवळीच्या घरात वाढलेली, कविता लिहिणारी, अगदी कोवळ्या वयात नामदेवच्या प्रेमात पडते आणि लग्न करते. पुढे घरात काय घडलं ते तिने लिहिलं आहे. मारहाण, पैशाची ओढाताण, दिवस दिवस गायब असलेला नवरा, घरात कार्यकर्त्यांचा राबता, मुलाच्या ताब्यावरून झालेली झुंज. नवऱ्याकडून आपल्याला गुप्तरोगाची लागण झाली, हेही तिने स्वच्छ लिहिलं आहे. इथे मी थांबतो. कारण हा तपशील त्या कवितेच्या आत जाऊन पोचतो. कामाठीपुऱ्यातल्या बाईच्या देहात सडणारा रोग हे ‘गोलपिठा’चं एक केंद्र आहे. तोच रोग त्या गल्लीतून निघून कवीच्या घरी येतो, बायकोच्या अंगात शिरतो, आणि तिथे त्याची कविता होत नाही. तो लिहायला बायकोलाच बसावं लागतं.

हे वाचल्यावर ‘मंदाकिनी पाटील’ खोटी ठरते का? मी ती पुन्हा वाचली आहे. तिचा संताप उसना वाटला नाही, एकही ओळ लटकी पडली नाही. पण तिच्यात पूर्वी न दिसलेली एक जागा मला दिसू लागली. ही कविता बाईचं दुःख बघते, तिच्या बाजूने आकाश फाटेल असं ओरडते, पण त्या बाईला स्वतःला बोलायला फारशी जागा देत नाही. कवितेच्या पूर्ण शीर्षकातच कवीने ‘कोलाज’ हा शब्द वापरलेला आहे. म्हणजे चित्र त्याचं आणि तुकडे तिचे. ही मर्यादा कवितेत पहिल्यापासून होती. मलिकांचं पुस्तक वाचेपर्यंत मला ती जाणवली नव्हती, एवढंच. कवीचं चारित्र्य कळल्यामुळे कविता लहान झाली असं मला म्हणता येत नाही. ती जास्त नीट वाचता आली, असं मात्र मी नक्की म्हणेन.

सगळीकडे असं होत नाही. एरिक गिल हा ब्रिटिश शिल्पकार आणि अक्षरकार. त्याचा ‘गिल सॅन्स’ हा टाइप १९२८ पासून जगभर छापला जातो. १९८९ साली फिओना मॅकार्थी यांनी त्याच्या डायऱ्यांच्या आधारे चरित्र लिहिलं आणि त्याने स्वतःच्या मुलींवर केलेले लैंगिक अत्याचार उघड झाले. २०२२ च्या जानेवारीत एका माणसाने लंडनमध्ये बीबीसीच्या इमारतीवरच्या त्याच्या शिल्पावर हातोडा चालवला. त्या संतापाचं मूळ मला समजतं. पण टाइपातलं अक्षर स्वतःबद्दल काही सांगत नाही, कुणाची बाजू घेत नाही. रेल्वेच्या पाटीवर ते वाचणाऱ्याला गिलच्या पापाचा भागीदार ठरवता येणार नाही. त्याच गिलने न्हाणीघरातल्या मुलीचं एक चित्र लाकडावर कोरलं आहे. त्यासाठी बसलेली मुलगी त्याचीच होती. ते चित्र मी आता निव्वळ रेषांचा डौल म्हणून पाहू शकत नाही, आणि पाहू शकलो तर ती रसिकता नव्हे, बधिरपणा आहे.

आणि ॲलिस मन्रो. २०१३ चं नोबेल मिळालेल्या या कॅनेडियन कथाकार २०२४ च्या मे महिन्यात गेल्या. जुलैमध्ये त्यांच्या धाकट्या मुलीने जाहीरपणे लिहिलं की, आईच्या दुसऱ्या नवऱ्याने लहानपणी आपल्यावर अत्याचार केले, आपण ते आईला १९९२ साली पत्राने कळवलं, आणि तरीही आई त्याच्याचबरोबर राहिली. त्या माणसाने २००५ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला होता. मन्रोंची ‘व्हॅन्डल्स’ ही कथा १९९३ ची, म्हणजे पत्रानंतरची. जोडीदाराने लहान मुलांशी काय केलं याकडे कानाडोळा करणारी एक बाई त्या कथेत आहे. कथा उत्तम आहे. तिच्यातली बाई जे बघायला नकार देते ते लेखिकेला पुरतं ठाऊक होतं, हे आता कळतं आणि अंगावर काटा येतो. इथे मला मान्य करावं लागतं की कलेतली समज माणसाला जगण्यात वाचवत नाही, आणि त्या माणसाच्या मुलीलाही वाचवत नाही. मोठी कला मोठ्या मनातूनच येते, ही आपली लाडकी समजूत या एका उदाहरणाने मोडीत निघते. ती मोडलेली बरी. तिच्याच जिवावर आपण इतकी वर्षं कितीतरी गोष्टींवर पांघरूण घालत आलो.

ढसाळांच्या बाबतीत मात्र एक आक्षेप फार गंभीरपणे घ्यायला हवा. तो असा की, दलित कवीचं घर चव्हाट्यावर आणायला सवर्ण वाचक नेहमीच उत्सुक असतो. उच्चवर्णीय साहित्यिकांच्या घरातली भांडणं कुटुंबाच्या अब्रूच्या नावाखाली झाकली जातात, आणि १९७२ साली दलित पँथर उभी करणाऱ्या माणसाचा संसार मात्र सगळ्यांनी मिटक्या मारत वाचायचा. यात तथ्य आहे. ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हातात घेऊन पँथरची सगळी लढाईच निकालात काढणारे लोक मी ऐकले आहेत, आणि त्यांना त्या पुस्तकाशीही काही देणंघेणं नसतं. पण या आक्षेपाला उत्तर दलित स्त्रियांनीच देऊन ठेवलं आहे. बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ दुकानाच्या गल्ल्यावर बसून लिहिलं आणि वर्षानुवर्षं नवऱ्यापासून लपवून ठेवलं. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल त्या बोलल्या त्या पुढे माया पंडित यांनी घेतलेल्या मुलाखतीत. ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये चळवळ आणि घर यांच्यातलं अंतर जागोजागी मोजलेलं आहे. या बायकांनी बाबासाहेबांना सोडलं नाही, चळवळ सोडली नाही आणि घरातल्या पुरुषाबद्दल गप्पही बसल्या नाहीत. त्यांना जे एकाच वेळी जमलं, ते आपल्याला वाचताना का जमू नये?

पुरस्कारांचा हिशेब वेगळा ठेवावा. आस्वाद पुस्तकाचा असतो, पद्मश्री माणसाला देतात. ढसाळांना ती १९९९ साली मिळाली. एखाद्याला सार्वजनिक मान देताना त्याने कुणाला काय सोसायला लावलं हे विचारणं अगदी रास्त आहे, मग तो कोणत्याही जातीचा असो. तसं विचारल्याने त्याच्या कवितेचा एक शब्दही कमी होत नाही.

घरातली बाजू लिहिणाऱ्या बायकांची मराठीत मोठी परंपराच आहे. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त रेव्हरंड टिळकांचा तापटपणा आणि हातचं राखून न ठेवणारा स्वभाव इतक्या मिश्कील मायेने रंगवला की आज बरेचसे वाचक टिळकांना त्यांच्या कवितेपेक्षा लक्ष्मीबाईंच्या गद्यातूनच ओळखतात. सुनीताबाई देशपांड्यांच्या ‘आहे मनोहर तरी’ने १९९० मध्ये अनेक पुलंप्रेमींना दुखावलं. तिथे मामला हिंसेचा नव्हता, रोजच्या संसारात एकीने किती उचललं याचा होता. दोन्ही पुस्तकं टिकली ती त्यांतल्या गद्याच्या ताकदीवर. नवऱ्याबद्दलची माहिती मिळवायला म्हणून ती आज कुणी वाचत नाही.

मलिकांना हा न्याय मिळालेला नाही, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ आपण साक्षीदाराचा जबाब म्हणून वाचतो. ढसाळ दोषी की निर्दोष एवढं ठरवतो आणि पुस्तक मिटतो. त्या गद्याचा धावता, तुटक, मधेच स्वतःवर उलटणारा वेग, आजारी लहानपणाची चित्रं, बापाच्या आठवणीतली ऊब, प्रेम आणि तिरस्कार एकाच परिच्छेदात मावण्याची रीत, यावर बोलायला कुणाला सवड नसते. माणूस आणि कला वेगळी करा, असं सांगणारे रसिक हा नियम फक्त ढसाळांना लावतात. मलिकांच्या लेखनाला त्यांच्या लग्नापासून वेगळं करून वाचण्याचा आग्रह त्यांनी कधी धरलेला नाही. आत्मकथनाच्या कितीतरी आधी, १९७९ साली, ‘वाळूचा प्रियकर’ हा त्यांचा कवितासंग्रह आला होता. पुढे ‘महानगर’ आणि ‘देहऋतू’ आले. ‘महानगर’मधली मुंबई ‘गोलपिठा’तल्या मुंबईशेजारी ठेवून कुणीतरी सविस्तर लिहायला हवं. एकाच शहरावर, एकाच घरातून, दोन कवींनी लिहिलेलं आहे, आणि त्यातल्या एकाच कवीचं शहर आपल्याला पाठ आहे.