लहान कॉलेजात लपता येत नाही

चि. सोनूस,


तुझ्या आईला एकच घोर लागलाय: एवढं लहान कॉलेज, परका देश, पोरीला सोबत कोण? मला उलटी शंका आहे. पीटरहाउसमध्ये तुला एकटीला सोडणार कोण?

केंब्रिजचं हे सर्वांत जुनं कॉलेज. 1284 मध्ये स्थापन झालं, म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वरी पुरी व्हायच्या सहा वर्षं आधी. विद्यार्थिसंख्या मात्र तिथल्या कॉलेजांत अगदी कमी. महिन्याभरात दारावरचे पोर्टर तुला नावानं ओळखतील. खोली साफ करायला येणाऱ्या बाईंना (त्यांना बेडर म्हणतात) तू रात्री किती जागलीस तेही कळेल. या दोघांशी नीट वाग. किल्ली खोलीत राहून दार लागलं की प्राध्यापक उपयोगी पडत नाहीत, पोर्टर पडतो.

आता मुद्द्याचं. तुझं खरं शिक्षण व्याख्यानात कमी आणि सुपरव्हिजनमध्ये जास्त होणार. दर आठवड्याला साधारण एक निबंध लिहायचा आणि त्यावर तासभर बोलायचं. समोर अध्यापक आणि तू, फार तर आणखी एखादी मुलगी किंवा मुलगा. मागचा बाक नाही. आपण अपेक्षित प्रश्नसंचांवर वाढलेली माणसं. वाचलेलं छान मांडून दाखवलं की काम झालं असं आपल्याला वाटतं. तिथे मांडून झालं की प्रश्न येतो, ‘पण हे तुला पटतं का?’ पहिल्यांदा घशाला कोरड पडते. पडू दे. ‘अजून ठरत नाही, कारण अमुक’ हे उत्तर चालतं. ‘हो सर’ चालत नाही.

आणि एक व्यवहाराची गोष्ट, जी आपल्या हुशार मुलांना उशिरा उमगते. या निबंधांचे गुण पदवीत धरत नाहीत. तेव्हा कच्चा निबंधही दे. नीट जमला नाही म्हणून सुपरव्हिजन पुढे ढकलायला सांगणारी मुलंच पुढे अडकतात. चुका स्वस्तात करायची जागा हीच आहे; परीक्षेत त्या महाग पडतात. चुकांवरून आठवलं: तुझ्याच पीटरहाउसमध्ये राहिलेले आणि पुढे त्याचे मास्टर (प्रमुख) झालेले हर्बर्ट बटरफील्ड यांनी 1931 मध्ये, आजच्या सोयीनं भूतकाळ वाचण्याच्या इतिहासकारांच्या सवयीवर एक छोटंसं पुस्तक लिहिलं. जाण्याआधी मिळवून वाच, आणि वाचताना जेवणाच्या टेबलावर पानिपतावरून तुझे बाबा आणि काका कसे भांडतात ते आठव.

निघताना प्रत्येक नातेवाईक तुला रँग्लर परांजप्यांचं उदाहरण देणार. ते सेंट जॉन्स कॉलेजचे, 1899 मध्ये गणितात संयुक्तपणे सिनियर रँग्लर (म्हणजे पहिले) झाले, आणि परत येऊन फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. थोर माणूस, वादच नाही. पण गुणानुक्रमे रँग्लरांची यादी लावायची पद्धत 1909 नंतर बंद झाली. तुझ्या निकालात वर्ग येईल. घरून कुणी नंबर विचारलाच तर माझ्याकडे पाठव.

सत्र अवघ्या आठ आठवड्यांचं असतं आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यात बहुतेकांचा धीर सुटतो. अभ्यास साचलेला, संध्याकाळी लवकरच अंधार, आणि शेजारच्या खोलीतल्या मुलीला सगळं जमतंय असा आपला समज. तिचाही तुझ्याबद्दल तोच असतो. अशा वेळी ट्यूटरकडे जा. तिथला ट्यूटर विषय शिकवत नाही. पैसे, तब्येत, मन यांची विचारपूस करणं हेच त्याचं काम. मराठी घरातली मुलं तिथे जायला लाजतात. मला हा शुद्ध वेडेपणा वाटतो.

बाकीचं किरकोळ. हिरवळीवर कुणी चालताना दिसलं म्हणून तू चालू नकोस, तो मान बहुतेक कॉलेजांत फेलोंचा (कॉलेजच्या वरिष्ठ सदस्यांचा). अध्यापकांना कसं संबोधायचं कळेना, तर ते ईमेलखाली जशी सही करतात तसं. फॉर्मल हॉलला (तिथल्या औपचारिक जेवणाला) साडी खुशाल नेस, झगा वरून चढवता येतो; लॅटिन प्रार्थना सुरू झाली की इतरांसोबत उभी राहा आणि ती संपल्याशिवाय पावाला हात लावू नकोस. शाकाहारी जेवणाचं नाव आधी नोंदवावं लागतं. नाताळच्या सुटीत खोली रिकामी करायची का, हे जाण्यापूर्वीच विचार. ऐन डिसेंबरात बॅगा घेऊन फिरणं बरं नव्हे.

भारतीय मुलांचाच घोळका करून राहू नकोस, आणि त्यांना टाळूही नकोस. एवढ्याशा कॉलेजात दोन्ही लगेच दिसून येतं.

पहिला निबंध परत मिळाला की त्यावरचे शेरे मला जसेच्या तसे पाठव. आईला दाखवले नाहीस तरी चालेल.

तुझी,
आत्या