एका घरात दोन गणपती

॥ श्री गणेशाय नमः ॥ ॥ श्री सद्गुरवे नमः ॥



मृग बसला. मूर्तिकारांच्या अंगणात साचे निघाले, आणि आपल्या घराघरांच्या ग्रुपवर दरवर्षीची कुरबुरही सुरू झाली. एक जण प्रदूषण मंडळाचा आदेश टाकतो. दुसरा लगेच विचारतो, नियम काय ते आमच्याच सणाला का? तिसरा पुराचे फोटो टाकून सगळ्यांना वसुंधरेवर व्याख्यान देतो. मग कुणाची तरी मामी "आता पुरे करा" म्हणते, आणि रात्री बघावं तर एखादा ग्रुप सोडून गेलेला असतो. यावर लिहा असं केंद्रातल्या बऱ्याच भगिनींनी सांगितलं, म्हणून या गुरुवारचं चिंतन यावरच.

निपाणी भागात आपलं एक घर आहे. नाव सांगत नाही, आईंना विचारून लिहितो आहोत. दोघे भाऊ, चुली वेगळ्या, शेतं वेगळी, पण गणपती एकच, थोरल्यांच्या घरी. गेल्या वर्षी धाकट्यांच्या मुलीने शाडूच्या लहान मूर्तीचा हट्ट धरला. थोरल्यांनी अडीच फुटी पीओपीची मूर्ती आधीच सांगून ठेवलेली. "नदीत कारखान्याचं पाणी चालतं, आमचा देव चालत नाही होय?" इथून बोलणं सुरू झालं, ते "तुमच्या देवानं नदी नासवली" इथवर गेलं. धाकट्यांनी आपल्या घरी वेगळा गणपती बसवला. भावकीत वेगळा गणपती म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. जमिनीची वाटणी कागदावर होते, ही देवासमोर झाली. आई पाचही दिवस दोन्ही घरी आरतीला गेल्या आणि जेवल्या कुठंच नाहीत.

आता वाद बाजूला ठेवून आधी पूजा बघू या, कारण सद्गुरूंनी आपल्याला अर्थ समजून पूजा करायला लावली आहे. चतुर्थीचं व्रत हे पार्थिव गणेशाचं व्रत आहे. पृथ्वीपासून झालेलं ते पार्थिव. गुरुजी संकल्प सांगतात त्यात हा शब्द येतो, आपण हातावर पाणी घेऊन तो म्हणतो आणि पुढं जातो. मातीची मूर्ती करायची, आवाहन करून तिच्यात प्राणप्रतिष्ठा करायची, घरच्या पाहुण्यासारखं ठेवून घ्यायचं, उत्तरपूजा करून निरोप द्यायचा आणि माती पाण्याला परत करायची. विसर्जन हे सण संपल्यावरचं आवरणं नव्हे, ते पूजेचंच शेवटचं अंग आहे. मूर्ती विरली नाही तर आपण संकल्पात म्हटलेलं पुरं झालं का, हा प्रश्न प्रदूषण मंडळाचा नाही. तो आपला, देवघरातला आहे.

आणि बायकांनी तर हे जन्मभर केलेलं आहे. आठवून बघा. ज्येष्ठ अमावास्येला आपल्या शेजारच्या कानडी अक्का मण्णेत्तिन अमावास्या करतात, मातीचे बैल करून पूजतात. आपल्याकडं बेंदराला मातीची बैलजोडी. नागपंचमीला मातीचा नाग. हरतालिकेला वाळूचं शिवलिंग. गौरी तर आपण पाणवठ्यावरूनच आणतो, कुणाच्या खड्यांच्या, कुणाच्या तेरड्याच्या, आणि तिथंच पोचवतो. या सगळ्यात कधी कुणाला नियम काढावा लागला नाही. आषाढापासून भाद्रपदापर्यंतचे आपले देव ओल्या मातीतून येतात आणि ओल्या मातीत जातात. त्यांत एकटा गणपतीच तेवढा प्लास्टरचा कसा झाला? जुन्या माणसांना विचारा, घरचा पाट कुंभाराकडं नेऊन ठेवायचा आणि चतुर्थीला त्याच पाटावरून मातीचा गणपती आणायचा ही रीत त्यांना आठवते. म्हणजे "आमची परंपरा" म्हणून पीओपीसाठी भांडताना परंपरा कुठली, ते जरा तपासावं.

पीओपी म्हणजे काय, तेही सोप्यात सांगतो. जिप्सम नावाचा खनिज दगड भाजून त्यातलं बरंचसं पाणी काढतात, उरते ती पांढरी पूड. तिच्यात पाणी घातलं की ती ते पाणी परत धरते आणि पुन्हा जिप्सम होते, घट्ट. माती पाण्यात सैल होते, पीओपी पाण्याने घट्ट होतं, इतका हा उलटा स्वभाव आहे. एक लिटर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम जिप्सम विरघळतं. म्हणून महिन्यांनीसुद्धा तळ्याच्या काठाला हात, सोंड, मुकुट दिसतात. ते बघून ज्याच्या पोटात कालवत नाही असा भक्त आम्हाला अजून भेटलेला नाही, वादात तो कुठल्याही बाजूचा असो. रंगांतलं शिसं आणि क्रोमियम हा आणखी वेगळा भाग.

नियमाचं म्हणाल तर कर्नाटकात पीओपीच्या मूर्ती पाण्यात सोडायला २०१६ पासून बंदी आहे. केंद्रीय मंडळानं २०१० साली काढलेल्या सूचना २०२० मध्ये सुधारून आणखी कडक केल्या. पलीकडं महाराष्ट्रात मात्र मुंबई उच्च न्यायालयानं २०२५ च्या जूनमध्ये पीओपीच्या मूर्ती घडवायला आणि विकायला मुभा दिली, नैसर्गिक पाण्यात सोडायला नाही. पुढं जुलैत सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम हौदातच सोडायच्या, असं ठरलं. आपल्या सीमाभागाची गंमत ही. कागलची बहीण म्हणते आमच्याकडं मिळते, निपाणीचा भाऊ म्हणतो आमच्याकडं बंदी. दोघंही खरं बोलतात आणि दोघंही भांडतात. वेदगंगा, दूधगंगा तिकडून इकडं येतात, त्यांना सीमा ठाऊक नाही.

"कारखान्याचं काय?" हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेणार नाही. तो खरा आहे. कोल्हापूर-इचलकरंजीचं सांडपाणी पंचगंगेत जातं, त्यापुढं घरच्या मूर्ती किती, असं वाटणं साहजिक आहे. प्रदूषण मंडळं ज्या १९७४ च्या जल कायद्यानं उभी राहिली, तो कारखान्यालाही लागू आहे, नगरपालिकेलाही. तिथं तो ढिला पडत असेल तर अर्ज करा, ग्रामसभेत विचारा, आम्हीही सही करू. पण शेजाऱ्यानं गटारात घाण टाकली म्हणून आपण तुळशीत खरकटं टाकत नाही.

आता तरुण मुलांना एक सांगायचं आहे. पीओपीच्या मूर्तीमुळं पूर येत नाही. हे दोन विषय तुम्ही एकत्र करता आणि मग वडीलधारी माणसं दोन्ही उडवून लावतात. मूर्ती हा पाणी घाण होण्याचा विषय. पावसाचं बदलणं हा हवा तापण्याचा विषय. हवा एक अंशानं तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, मग पाऊस पडतो तो ओतल्यासारखा. दरवर्षी नृसिंहवाडीला नदीचं पाणी मंदिरात शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, त्या दक्षिणद्वार सोहळ्याला आपण भक्तीनं जातो. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत आलेलं पाणी सोहळ्याचं नव्हतं. यमगर्णीजवळ वेदगंगा महामार्गावर आली, वाहतूक ठप्प झाली. कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, बापट कॅम्पात पाणी शिरलं, तेही ऐन मूर्ती वाळवायच्या दिवसांत. अलमट्टीमुळं की धरणांतून सोडलेल्या पाण्यामुळं की हवामानामुळं, यावर तुमचे काका दोन तास बोलू शकतात. बोलू द्या. तुम्ही तेवढा वेळ ऐका.

कच्ची मूर्ती पाण्यात गेली की तिची माती होते, कुंभाराचं वर्ष जातं. पीओपी हलकं, लवकर वाळतं, साच्यातून भराभर निघतं, म्हणून मूर्तिकार तिकडं वळला. त्याला लोभी म्हणणं आम्हाला पटत नाही. शाडू पावसाळी हवेत दिवसेंदिवस ओला राहतो, नेताना बोट मोडतं, आणि गिऱ्हाईक श्रावणात येऊन भाव पाडतं. आपल्याला शाडू हवा असेल तर आषाढातच सांगून या, आगाऊ रक्कम द्या, आणि दोनशे रुपये जास्त पडले तर कुरकुर नको. शाडूही गुजरातेतून येतो आणि हजारो मूर्तींचा गाळ तळ्यात बसतोच. म्हणून मूर्ती वीतभर पुरे. बेळगावात लोकमान्यांनी १९०५ मध्ये सार्वजनिक उत्सव सुरू केला. मंडळाच्या मूर्तीचा थाट मंडळात शोभतो, घरच्या देवाला उंचीची स्पर्धा कशाला?

त्या घराविषयी पुष्कळ भगिनी विचारतात. भाऊ अजून एकमेकांशी फारसं बोलत नाहीत. पण मुलीने काकांची माफी मागितली, मूर्तीच्या मतासाठी नाही, "तुमच्या देवानं" म्हटलं त्यासाठी. हे आम्हाला फार मोलाचं वाटतं. तिचं म्हणणं बरोबर होतं आणि बोलणं चुकलं होतं, दोन्ही एकदमच. थोरल्यांना आईंनी इतकंच सांगितलं आहे की या वर्षी पाट माझा, त्यावर कुठला गणपती येतो ते दोघांनी मिळून ठरवा. थोरले "बघू" म्हणाले आहेत.

ज्यांच्या घरी विसर्जन घरीच करायचं ठरलं आहे त्यांच्यासाठी: उत्तरपूजा नेहमीसारखी करावी, अक्षता वाहून मूर्ती जागची हलवावी, मग स्वच्छ बादलीत किंवा पिंपात सोडावी. लहान शाडू एका दिवसात विरतो. पाणी फुलझाडांना घालावं. मूर्ती रंगवलेली असेल तर तुळशीला घालू नये. खाली बसलेली माती वाळवून ठेवावी, पुढच्या मूर्तीत मळता येते. ज्यांच्याकडं आधीचीच पीओपीची मूर्ती आहे त्यांनी ती नदीत न सोडता पालिकेच्या हौदात द्यावी. कोल्हापूरकडच्या भगिनींना दान मूर्ती आणि इराणी खाण माहीत आहेच.

आषाढात दर गुरुवारी आरतीनंतर केंद्रावर मूर्ती करायला शिकवणार आहोत. शाडू केंद्राकडून मिळेल. घरचा पाट, जुनं सुती कापड आणि पाण्याचं भांडं प्रत्येकीनं आणावं. सासूबाई, आजी यांना जरूर बरोबर आणा, कान आणि सोंड त्यांनाच नीट जमते.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥