तीच होडी का?

इंग्लंडमध्ये हॅम्बल नदीकाठच्या फेअरी मरीन कारखान्यात १९४६ पासून ‘फायरफ्लाय’ नावाची बारा फुटी शर्यतीची होडी बनू लागली. आराखडा उफा फॉक्सचा, पण बांधणीची रीत युद्धकाळातल्या विमान-उद्योगातून आलेली. बर्च लाकडाच्या पातळ पट्ट्या साच्यावर तिरप्या लावायच्या, थरावर थर, मध्ये गोंद. मग सगळे वाफेच्या बंद भट्टीत उष्णतेने आणि दाबाने एकजीव करायचे. बाहेर येई तो सलग बांधा. १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये टॉर्कीच्या समुद्रात याच होड्यांवर डेन्मार्कचा वीस वर्षांचा पॉल एल्वस्ट्रम पहिली शर्यत अर्धवट सोडूनही सुवर्णपदक जिंकला.

त्या पिढीतल्या काही होड्या अजून शर्यतीत उतरतात. शीड तर काही हंगामांतच ताणून निकामी होते. डोलकाठी, दोर, सुकाणू केव्हा ना केव्हा बदलतात. बांधाही सुटत नाही: पावसाचे गोडे पाणी तळाशी साचून राहिले की बुरशी लाकूड खाते. तेवढा भाग कापून, कडा तिरप्या तासून नवे थर चिकटवावे लागतात. इतके होऊनही शिडावरचा क्रमांक मूळचाच. मग ही तीच होडी का?

ग्रीकांनी हा प्रश्न थीसियस या दंतकथेतल्या वीराच्या जहाजावरून विचारला. अथेन्सचे लोक त्याच्या कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवत राहिले, आणि तत्त्वज्ञांना वादाचे आयते उदाहरण मिळाले, असे प्लुटार्क सांगतो. थॉमस हॉब्जने १६५५ मध्ये पेच आणखी घट्ट केला. काढलेल्या सगळ्या फळ्या कुणी साठवून पुन्हा त्याच क्रमाने जोडल्या, तर खरे जहाज कोणते?

आपल्याकडच्या न्याय-वैशेषिक दर्शनांचे उत्तर कडक आहे. अवयवी, म्हणजे अवयवांनी बनलेली पूर्ण वस्तू, हा अवयवांहून वेगळा, खरा पदार्थ. कापडातला एक धागा निघाला की जुने कापड नष्ट होते आणि उरतो तो नवा ‘खंडपट’. या हिशेबाने दर डागडुजीला एक होडी संपते, दुसरी जन्मते. तर्क चोख आहे. पण हिवाळाभर गुडघ्यांवर बसून ज्याने कुजका तुकडा बदलला, तो मग नेमके कशाला वाचवत होता, याचे उत्तर त्यात मिळत नाही.

‘मिलिंदपञ्ह’ या बौद्ध ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतात: दांडी म्हणजे रथ का? आस? चाके? यातले एकेकटे काहीच रथ नाही. या सगळ्यांच्या आधाराने ‘रथ’ हा व्यवहार चालतो. होडीला मात्र त्याच ग्रंथातला दिव्याचा दाखला अधिक लागू पडतो. रात्रभर तेवणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच नव्हे, आणि निराळीही नव्हे. एकीतून दुसरी येत राहते.

तरीही एक फरक राहतोच. तेल-वात असली की ज्योत आपोआप पुढे चालते. होडीचे तसे नाही. ओल कुठे धरली हे कुणीतरी बोट फिरवून शोधावे लागते, व्हार्निश उन्हाने फाटण्याआधी नवा हात द्यावा लागतो. एक मालक थकला की दुसऱ्याने ते काम उचलावे लागते. म्हणजे होडीचे ‘तेच’ असणे लाकडात दडलेले नसते, ते माणसांनी चालू ठेवलेले असते. हॉब्जच्या साठवलेल्या फळ्यांपाशी लाकूड सगळे आहे, पण हे चालू राहणे मध्येच तुटले आहे. म्हणून अथेन्सकरांचा दावा अधिक बळकट वाटतो.

या चर्चेत एक गोष्ट फार वेळा सुटते. ते जहाज नुसते जपून ठेवलेले नव्हते. प्लेटोच्या ‘फीडो’त येते की अथेन्सचे लोक ज्याला थीसियसचे जहाज म्हणत, ते दरवर्षी डेलोस बेटाच्या यात्रेला जाई आणि ते परतेपर्यंत शहरात कुणाला देहदंड देत नसत. सॉक्रेटिसचा मृत्यू लांबला तो त्यामुळेच.

नुसते जपायचे की वापरात ठेवायचे, ही निवड जुन्या फायरफ्लायच्या मालकालाही करावी लागते. होडी छपराखाली ठेवली तर मूळचे लाकूड जास्त टिकेल. वाऱ्यात काढली तर ती कलंडेल, दुसऱ्या होडीवर आदळेल, आणखी एक तुकडा बदलावा लागेल. तरी ती पाण्यात काढणेच योग्य. ती शर्यतीसाठी घडवलेली आहे आणि शर्यत हाही तिच्या असण्याचा भाग आहे. विकायची वेळ आली की मोजमापाचा दाखला आणि क्रमांक नव्या मालकाकडे जातात. पाणी कोणत्या कोपऱ्यात साचते, हे मात्र जुन्याने नव्याला तळाशी वाकून दाखवायचे असते.