ओळख पटेपर्यंत

कारखान्यातून आलेली मोठ्या बोअरची रायफल खोक्यातून काढून तशीच रानात न्यायची नसते, असे ती वापरणारे सांगतात. आफ्रिकेत रानरेडा किंवा हत्ती अंगावर आला तर त्याला थांबवण्यासाठी केलेली ही हत्यारे. त्यांतली .३७५ हॉलंड अँड हॉलंड १९१२ सालची. तिची गोळी साडेनऊ मिलिमीटर जाड आणि एकोणीस-वीस ग्रॅम वजनाची. .४१६ रिग्बी तिच्याहून एका वर्षाने थोरली, गोळी २६ ग्रॅमची. असला बार उडाला की धक्का एवढा जबर असतो की लाकडी दस्ता तडकू शकतो. म्हणून चांगला कारागीर दस्त्यात धातूचा भाग जिथे टेकतो तिथे इपॉक्सी भरून तो पक्का बसवतो, दस्त्यातून आडवे बोल्ट घालतो, चापाचा जडपणा आणि खरखर काढतो, काडतूस आत सरकताना अडकू नये म्हणून त्याची वाट घासून गुळगुळीत करतो. पट्ट्याची पुढची कडी दस्त्यावरून काढून नळीवर नेतो, कारण जुन्या जागी ती धक्क्यासरशी हातच सोलते. या खटाटोपामागे हौस असतेच, पण एक नैतिक दावाही असतो. जनावर अर्धवट जखमी होऊन झुडपात जाऊ नये, एका गोळीत त्याचा शेवट व्हावा, म्हणून हत्यार सुधारायचे. म्हणजे हत्यार सुधारणे ही एक प्रकारची दयाच. हा दावा खरा मानायचा का?

रायगड जिल्ह्यातल्या कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत असली रायफल सहसा दिसायची नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या नंतरच्या दुरुस्त्यांनी शौकाची शिकार संपवली, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीची नळी आखूड करायची तरी वेगळा परवाना लागतो. तरीही हा प्रश्न विचारायला याच्याइतकी योग्य जागा मला दिसत नाही. हत्यार सुधारण्याची अख्खी शिडी इथल्या रानाच्या कडेला उभी आहे. तळाला कातकऱ्याची गलोल आणि तीरकमठा, सशासाठी लावायची वाघूर. त्यावर ठासणीची बंदूक. तिच्यावर पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअर. भात पोटरीला आले की रानडुकरे उतरतात, एका रात्रीत खाचर लोळवून जातात, आणि माळ्यावर बसून डबे बडवणाऱ्या राखणदाराला ती लवकरच ओळखायला लागतात. मग कोकणात जागोजाग दिसणाऱ्या आणखी दोन पायऱ्या येतात: मोटारसायकलच्या क्लच वायरचा फासा, आणि खाण्याच्या गोळ्यात दडवलेला गावठी बॉम्ब. यांना सुधारणा म्हणताना जीभ अडखळते. पण निव्वळ कामाच्या हिशेबात पाहिले तर शिडीचे टोक तेच आहे. माणूस घरी झोपलेला असतो आणि जनावर मरते. साहेबाच्या काळात एकाच रानात रायफल घेऊन गेलेल्याचे ते शौर्य ठरे आणि तीर घेऊन गेलेल्या कातकऱ्याचा तो गुन्हा ठरे, हे जाता जाता ध्यानात ठेवावे. हत्याराची प्रतिष्ठा आणि हत्याराची नीती या दोन गोष्टी आपण फार लवकर एक करून टाकतो.

दयेचा तो दावा पोकळ नाही, हे आधी मान्य करायला हवे. जिम कॉर्बेटने १९०७ साली मारलेल्या चंपावतच्या वाघिणीच्या नावावर ४३६ माणसांचे बळी मांडले जातात. तिच्या उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे मोडलेले होते, आणि ते कुणाच्या तरी जुन्या गोळीने मोडले होते असे कॉर्बेटनेच नोंदवले आहे. नेहमीची शिकार तिला जमेना, म्हणून ती माणसांकडे वळली. कुणाचा तरी नेम चार बोटे चुकला आणि त्याची किंमत डोंगरातल्या गवत कापणाऱ्या बायकांनी मोजली. अशा ठिकाणी बेफिकीर हत्यार आणि बेफिकीर हात यांना निव्वळ दुर्दैव म्हणून सोडता येत नाही.

यावर पहिला आक्षेप अहिंसेचा येतो, आणि तो या पट्टीत बाहेरून आलेला नाही. याच उत्तर कोकणातल्या सोपाऱ्याला १८८२ मध्ये सापडलेला अशोकाचा शिलाखंड आठव्या लेखाचा आहे, आणि तो लेख नेमका शिकारीवर आहे: पूर्वीचे राजे मृगयेसाठी विहारयात्रा काढीत, या राजाने त्यांच्या जागी धर्मयात्रा सुरू केल्या. शिकार नेटकी कशी करावी असा प्रश्नच तो राजा विचारत नाही. तो तिची वाटच बदलतो. कर्जतजवळच्या कोंढाण्याच्या लेण्यात एकेकाळी राहणाऱ्या भिक्षूंच्या धर्मातही उपासकाला वर्ज्य असलेल्या पाच व्यापारांत शस्त्रांचा व्यापार पहिला. जैन आचार्य त्याहून खोल गेले. उमास्वातींनी हिंसेची व्याख्या करताना प्रमाद, म्हणजे बेसावध आणि आसक्त वृत्ती, केंद्रस्थानी ठेवली. आणि हिंसेच्या साधनांचा विचार करताना ते साधन घडवणे, त्याचे भाग एकमेकांना जोडणे, हेही कर्माच्या हिशेबात धरले. श्रावकाच्या, म्हणजे जैन गृहस्थाच्या, व्रतांत हत्यार जोडून तयार ठेवणे हासुद्धा अतिचार, म्हणजे व्रताला लागणारा दोष, मानला जातो. म्हणजे कारागिराच्या टेबलावर अजून एकही जीव गेलेला नसताना तिथे काहीतरी घडलेले असते.

हा विचार मला पटतो, पण तो ज्या टोकाला नेला जातो ते पटत नाही. घडवण्यातही नीती आहे असे एकदा मानले, की दस्ता तडकू न देणारा कारागीर आणि तडकलेला दस्ता तसाच विकणारा दुकानदार यांच्यात फरक करावाच लागतो. प्रमाद हे हिंसेचे मूळ असेल तर प्रमाद कमी करणारे काम काहीतरी मोलाचे असलेच पाहिजे. मुनी यावर हसतील, आणि त्यांचे हसणे रास्त आहे: सावधपणे मारले म्हणून मारणे अहिंसा होत नाही. नाहीच होत. पण महाभारताच्या वनपर्वातला मिथिलेचा धर्मव्याध, जो स्वतः न मारता दुसऱ्यांनी मारलेल्याचे मांस विकत असे, तो कौशिक ब्राह्मणाला आठवण करून देतो की नांगराखालीही असंख्य जीव मरतात. पूर्ण अहिंसा शेतकऱ्याला शक्य नसेल तर त्याला विचारण्याजोगा प्रश्न उरतो तो कमी-अधिकाचा, आणि कमी-अधिक कशाने ठरवायचे याचा.

ते ठरवायला रामायणातले दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. बापाचा एक आणि मुलाचा एक. दशरथाला शब्दवेध येत होता. डोळ्यांना न दिसणारे लक्ष्य कानांनी भेदण्याची ही कला म्हणजे त्या काळचा सगळ्यात मोठा पल्ला. शरयूच्या काठी अंधारात घागर भरल्याचा बुडबुड आवाज आला, हत्ती पाणी पितो आहे असे वाटले, बाण सुटला, आणि आंधळ्या आईबापांचा मुलगा पडला. (वाल्मीकीत त्या मुलाला नावही नाही, श्रावण हे नाव आपण लोककथांतून लाडाने घेतो.) इथे धनुष्य सदोष नव्हते, नेम तर अचूक होता. जखमी करून सोडण्याचा दोषही नाही. आज जी उत्तम शिकारीची लक्षणे म्हणून सांगितली जातात ती सगळी त्या बाणात होती. चुकले ते एवढेच, की बाण जिथपर्यंत पोचत होता तिथपर्यंत दशरथाचे ज्ञान पोचत नव्हते. आता मुलगा. किष्किंधेत वाली आणि सुग्रीव पहिल्यांदा भिडले तेव्हा राम झाडाआड धनुष्य सज्ज करून उभा होता. दोघे भाऊ इतके सारखे की कोण कोणता हे कळेना. रामाने बाण सोडला नाही. सुग्रीव रक्तबंबाळ होऊन पळाला, रामावर चिडला, आणि मग त्याच्या गळ्यात गजपुष्पीची वेल बांधून त्याला परत पाठवले गेले. मित्र मार खातो आहे, वचन दिलेले आहे, भात्यात बाण आहे, आणि ओळख पटत नाही म्हणून हात थांबलेला आहे.

या दोन प्रसंगांनी रायफलीवरच्या कामाची विभागणी मला करता येते. इपॉक्सी, आडवे बोल्ट, चापाची सफाई, माशी आणि खाच यांचा नीट मेळ ही सगळी कामे ठरलेल्या कृतीतली चूक कमी करतात. काय मारायचे, मारायचे की नाही, हा निर्णय ती माणसाकडून काढून घेत नाहीत. उलट हत्यार सरळ झाल्यावर चुकीचे खापर फोडायला हत्यार उरत नाही. दुसरी कामे पल्ला वाढवतात: दूरच्या टेकडीवरची हालचाल टिपणारी दुर्बीण, रात्री नुसती ऊब दाखवणारे यंत्र. यातली काही ओळख पटवायलाही मदत करतात, हे खरे, आणि म्हणून त्यांना सरसकट वाईट म्हणता येणार नाही. प्रत्येकाला एकच विचारायचे: याने माझी नजर जास्त वाढली की माझी गोळी? ऊब दिसते आणि डुक्कर की राखणीला आलेला शेजारी हे कळत नाही, तेव्हा आपण शरयूच्या काठी उभे असतो.

इथे एक चलाख आक्षेप येतो. वालीला मरताना रामाने जे उत्तर दिले त्यात तो सांगतो की माणसे फासे आणि जाळी लावून, लपून, सावध नसलेल्या जनावरांना मारतात आणि त्यात दोष नाही. मग फाशाला मी का नावे ठेवावीत? या उत्तराने वाचकांचे समाधान कधीच पुरते झालेले नाही, हा एक मुद्दा. पण उत्तर जसेच्या तसे मान्य केले तरी रामाने सांगितले एक आणि केले दुसरे. फाशाला गजपुष्पी दिसत नाही. वायरीत कोणाची मान अडकते हे वायर लावणाऱ्याला सकाळी कळते. गोळ्यातला बॉम्ब डुकराने चावला काय आणि शेजाऱ्याच्या गाईने चावला काय, त्याचा निर्णय झालेला असतो. डुक्कर तत्काळ मरते, यातना कमी, असा कोणी हिशेब मांडला तरी दशरथाच्या बाणातला दोष त्याने जात नाही.

उलट बाजूने भाबडेपणाही टाळायला हवा. तीरकमठा जुना म्हणून पवित्र, असे मी म्हणत नाही. तीर लागलेले भेकर रात्रभर तडफडू शकते, आणि गरिबीला संयम म्हणणे ही खाऊनपिऊन सुखी असलेल्यांची सवय आहे. महाभारतात हरणाच्या रूपातला किंदम ऋषी पंडूला शाप देतो तेव्हा हरीण मारल्याचा दोष तो देत नाही. मिथुन चालू असताना थांबला नाहीस, याचा देतो. संयम थांबण्यात होता, बाणाच्या तोकडेपणात नव्हता. फरक एवढाच की हत्यार तोकडे होते तेव्हा थांबण्याचे पुष्कळसे काम तेच करून टाकत असे. पल्ला कमी, म्हणून जवळ जावे लागे. जवळ गेले की दिसे, मादी आहे की नर, पोटाशी पिल्लू आहे की नाही. हत्यार लांब झाले की हे जवळ जाणे माणसाने स्वतः होऊन करायचे असते, आणि ते क्वचितच होते. कायद्याने हा प्रश्न मिटला असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगावे लागेल की कायदा मारावे की नाही हे सांगतो. माणसाच्या जिवाला धोकादायक ठरलेल्या जनावराला मारण्याची परवानगी तोही देतो, आणि त्या दिवशी परवानगी घेऊन निघालेल्याच्या हातातली रायफल कशी आहे, तिचा दस्ता कुठे टेकला आहे, हे पाहणारा दुसरा कोणी नसतो.

भीमाशंकरच्या रानाला लागून असलेल्या कर्जतच्या डोंगरपट्टीत, ठाकरांच्या आणि महादेव कोळ्यांच्या वाड्यांवर, अश्विन वद्य द्वादशीला वाघबारस होते. पट्टेरी वाघ या रानात आता राहिलेला नाही, बिबट्या आहे. वाघदेवाला नैवेद्य मात्र ठरल्या दिवशी जातोच. त्याच सुमारास भात कापणीला आलेले असते, डुकरे उतरत असतात, आणि कुठल्यातरी बांधाच्या खिंडीत क्लच वायर लावलेली असते. कोकणात डुकरासाठी लावलेल्या अशा वायरीत बिबट्या कमरेला अडकून सापडल्याच्या बातम्या वारंवार येतात. वायर लावणाऱ्याला तो नको होता. त्याच्या वाडीच्या वाघदेवाच्या पाषाणावर कदाचित त्या बिबट्याचेच चित्र कोरलेले असते.