तारीख हाती आहे, वेळ त्याच्या हाती



सत्संग संपल्यावर एखादी गर्भवती ताई मागे थांबते आणि हळूच विचारते, "डॉक्टरांनी १७ मार्च सांगितली आहे. पण त्या दिवशीचं नक्षत्र चांगलं नाही म्हणतात. दोन-तीन आठवडे आधीच चांगला मुहूर्त आहे. तेव्हा सिझेरियन करून घेतलं तर?" शेजारी सासूबाई उभ्या असतात. प्रश्न बहुधा त्यांचाच असतो.

आधी ही तारीख येते कुठून ते पाहू. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस धरायचा, त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. पाळी १० जूनला आली असेल, तर तारीख निघते १७ मार्च. हे झाले २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे. आपल्या आज्या 'नऊ महिने नऊ दिवस' म्हणत, ते यापासून फार दूर नव्हते! पण हा हिशोब २८ दिवसांनी नियमित येणाऱ्या पाळीचा आहे. कुणाची पाळी ३५ दिवसांनी येते, कुणाला तारीखच आठवत नाही. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी महत्त्वाची. तारखेचा अंदाज तिच्यातून सर्वांत चांगला येतो. नंतरच्या सोनोग्राफीत तारीख पुढे-मागे दिसली, तर घाबरू नका.

इतके करूनही नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळे शंभरात जेमतेम चार-पाच. ३७ ते ४२ आठवड्यांत बाळ केव्हाही येते. चरकाचार्यांनीही प्रसूतीचा एक दिवस सांगितला नाही, काळ सांगितला: नववा महिना लागल्यापासून दहाव्यापर्यंत.

आता मुहूर्ताविषयी. भगवान श्रीकृष्ण कुठे जन्मले? कारागृहात, मध्यरात्री, वद्य अष्टमीच्या अंधारात. देवकीमातेने वेळ निवडली नव्हती. ताई, शेवटच्या आठवड्यांत बाळाची फुप्फुसे आणि मेंदू तयार होत असतात. कारण नसताना ३९ आठवड्यांपूर्वी सिझेरियन केले, तर बाळाला श्वासाचा त्रास होण्याचा धोका वाढतो. आपल्या पंचांगासाठी त्याचा श्वास पणाला लावायचा? मला तरी यात धर्म दिसत नाही.

डॉक्टरांनी आईच्या किंवा बाळाच्या जिवासाठी लवकर प्रसूती करायला सांगितली, तर गोष्ट वेगळी. तिथे सिझेरियन म्हणजे श्रद्धा कमी पडली असे कुणी म्हणू नये. तसेच तारीख उलटून गेली, तर 'देव करील ते' म्हणून घरी बसू नका. तारखेलाच डॉक्टरांकडे जा आणि पुढची तपासणी कधी ते विचारून घ्या. बाळाची हालचाल कमी वाटली, रक्त किंवा पाणी जाऊ लागले, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर जप रिक्षात बसून करा, आधी दवाखाना.

घरच्यांना एक विनंती. शेवटच्या दिवसांत रोज फोन करून "अजून काही नाही का?" असे विचारू नका. त्या प्रश्नाने ती बिचारी रात्रभर जागते. त्यापेक्षा तिच्याजवळ बसा, एखादे भजन म्हणा. बाळाच्या कानी ते पोहोचते, सहा महिने भरत आले की त्याला आवाज ऐकू येऊ लागतात.

आणि ताई, तारखेचे दडपण घेऊ नका, पण तयारी तीन आठवडे आधीच करून ठेवा. पिशवी भरलेली असू द्या, गाडी कोणाची ते ठरलेले असू द्या, माता-बाल संरक्षण कार्ड हाताशी असू द्या. अजून नोंदणी झाली नसेल, तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयात गर्भवतींची मोफत तपासणी होते. तिथे जाताना शेवटच्या पाळीची तारीख एका चिठ्ठीवर लिहून न्या. हिशोब तिथूनच सुरू होतो.