यान की नाव: आर्वी परिसरातील पायी यात्रेचा एक प्रश्न

तीर्थयात्रा पायीच केली पाहिजे की वाहनाने केली तरी चालते, हा प्रश्न मोटारगाडी येण्याच्या कित्येक शतके आधी धर्मशास्त्रकारांनी हाती घेतला होता, आणि त्यांनी केलेला विचार आज एस.टी.ने एखाद्या गावी उतरून तेथून पुढे पायी फिरणाऱ्या माणसालाही लागू पडतो. मत्स्यपुराणातील प्रयागमाहात्म्यात ऐश्वर्यापोटी, लोभापोटी किंवा मोहापोटी यानाने, म्हणजे वाहनाने, जाणाऱ्याची यात्रा निष्फळ ठरवली आहे. निबंधग्रंथांत, म्हणजे स्मृतिपुराणांतील वचने विषयवार एकत्र करून त्यांचा मेळ घालणाऱ्या मध्ययुगीन ग्रंथांत, याहून हिशेबी असे एक वचन येते: त्यानुसार वाहन यात्रेचे अर्धे फळ हिरावून घेते, छत्री व पादत्राणे त्याच्या निम्मे, वाटेत केलेला व्यापार तीन हिस्से, आणि दान स्वीकारणे तर सगळेच. मूळच्या पैठणच्या व पुढे काशीत स्थिरावलेल्या घराण्यातील नारायणभट्टांचा सोळाव्या शतकातील ‘त्रिस्थलीसेतु’ हा या चर्चेतील एक प्रमुख ग्रंथ होय, आणि पां. वा. काणे यांनी आपल्या ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या इंग्रजी ग्रंथाच्या 1953 साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडात या विषयावरील मतमतांतरे नोंदवली आहेत. काही निबंधकार हा निषेध प्रयागापुरताच मानतात, अशक्तांना वाहनाची मुभा दिली जाते, आणि नदी ओलांडण्यासाठी नावेत बसल्याने निषेधाचा भंग होत नाही, कारण तेथे दुसरा उपायच नसतो, असाही अभिप्राय आढळतो.

या चर्चेत दोन गोष्टी विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की निषेधाचे कारण सांगताना मत्स्यपुराण वेगाचा किंवा अंतराचा उल्लेख करीत नाही, तर ऐश्वर्याचा, म्हणजे आपल्या संपत्तीमुळे इतर यात्रेकरूंपासून वेगळे राहता येण्याच्या सामर्थ्याचा, सर्वप्रथम उल्लेख करते. त्यामुळे दोष चाकाचा नसून चाकाच्या मालकाचा आहे, असा अर्थ काढण्यास जागा राहते. दुसरी गोष्ट नावेची. नावेला मिळालेली सूट गरजेपोटी आहे हे खरे, पण नाव आणि रथ यांच्यातला भेद तेवढ्यावरच संपत नाही, कारण घाटावरची नाव बहुधा सर्वांची असते, ती भरल्यावर सुटते, तिच्यात शेजारी कोण बसावे हे उतारूच्या हाती नसते, आणि पैलतीरी उतरवून ती मोकळी होते, पुढची वाट ज्याची त्याने चालायची असते. एस.टी.ची गाडी यान म्हणावी की नाव, असा प्रश्न एखाद्या निबंधकारापुढे आला असता तर त्याने काय निर्णय दिला असता, याचा विचार करण्यास वर्धा जिल्ह्यातील आर्वी हे गाव सोयीचे आहे, कारण तेथे नदी, तीर्थ आणि आगार या तिन्ही गोष्टी एकमेकींच्या जवळ आहेत.

मध्य प्रदेशातील मुलताईच्या पठारावर उगम पावणारी वर्धा नदी वर्धा आणि अमरावती या जिल्ह्यांची सीमा बनून वाहते. आर्वी तालुक्यातील देऊरवाडा तिच्या अलीकडच्या काठावर आहे आणि पलीकडे अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातील कौंडण्यपूर, जे परंपरेने विदर्भाची प्राचीन राजधानी आणि रुक्मिणीचे माहेर मानले जाते. येथून रुक्मिणीमातेची पालखी आषाढी वारीसाठी पंढरपूरला पायी जाते, आणि सदाराम महाराजांनी ही प्रथा 1594 साली सुरू केल्याचे परंपरा सांगते. पालखी माहेरची असल्यामुळे या वारीला एक कौटुंबिक जिव्हाळाही लाभला आहे, जो विदर्भातील वारकरी मोठ्या अभिमानाने बोलून दाखवतात आणि इतिहासाचा काटेकोर अभ्यासक त्याकडे हसून पाहतो, पण तो खोडून काढण्याच्या भरीस पडत नाही.

या पालखीच्या वाट्याला 2020 साली जे आले, त्याने शास्त्रातील जुना प्रश्न प्रत्यक्षात उभा केला. करोनाच्या साथीमुळे त्या वर्षी पायी वारी रद्द झाली आणि 1 जुलैच्या आषाढी एकादशीसाठी मानाच्या नऊ पालख्यांना, ज्यांत कौंडण्यपूरची पालखीही होती, मोजक्या वारकऱ्यांसह एस.टी.च्या गाड्यांतून पंढरपूरला नेण्यात आले. पुढच्या वर्षी मानाच्या दहा पालख्या पुन्हा गाड्यांनीच गेल्या, मात्र पंढरपूरजवळच्या वाखरीपासून पुढे सुमारे दीड किलोमीटर अंतर प्रतीकात्मक पायी चालण्यास परवानगी मिळाली. वारकऱ्यांनी ती वारी निष्फळ मानली नाही. नदीला पूर आल्यावर नावेशिवाय गत्यंतर नसते, तसाच हा प्रसंग होता, हे एक कारण. पण दुसरे कारण असे की ज्या गाडीतून पादुका गेल्या ती कोणाच्याही ऐश्वर्याची खूण नव्हती, उलट खेडोपाडीच्या माणसाला तालुक्याच्या बाजारापासून दवाखान्यापर्यंत नेणाऱ्या एस.टी.चीच ती गाडी होती. दीड किलोमीटरच्या परवानगीसाठी वारकऱ्यांनी धरलेला आग्रह मात्र सांगतो की नाव कितीही निर्दोष असली तरी पैलतीरी उतरून चालणे हाच यात्रेचा गाभा आहे.

आर्वीच्या आत फिरतानाही हा विचार सुटत नाही. जुन्या गॅझेटियरात गावाचे नाव आर्वी तेलंगराव असे नोंदलेले आहे, आणि हे गाव वसवणारा तेलंगराव हिंदूंच्या मते ब्राह्मण होता तर मुसलमानांच्या मते मुसलमान, असे सांगून त्याच्या समाधीला दोन्ही समाज मान देत असल्याचा उल्लेख तेथे केला आहे, म्हणजे ही समाधीही घाटावरच्या नावेसारखी सर्वांचीच. कापसाच्या व्यापारासाठी 1917 साली सुरू झालेली पुलगाव-आर्वी ही अरुंद मापाची रेल्वे आता धावत नाही, त्यामुळे बाहेरून येणाऱ्या सामान्य प्रवाशाचा मुख्य आधार एस.टी.च आहे. गाडीतून उतरून पेठेत पायी चालू लागले की वाट कोणाची हा प्रश्न येतो; रस्त्यावर कोणी कोणाला वाट द्यावी याचा एक क्रम मनुस्मृतीत सांगितला आहे आणि त्यात चाकाच्या वाहनातून जाणाऱ्याला अतिवृद्ध, रोगी, ओझे वाहणारा आणि स्त्री यांच्या बरोबरीने बसवले आहे, हे वाचून पायी चालणाऱ्याचा कैवार घेणारा वाचक प्रथम खट्टू होईल. परंतु त्या यादीत राजा आणि नवरदेव शेवटी येतात, आणि ज्यांना चटकन बाजूला होणे अवघड ते आधी; बैलगाडी अवघडलेल्यांत मोडत होती. आजची खासगी मोटार त्या गटात बसत नाही, आणि तरीही अरुंद पेठेत वाट मात्र तिलाच मिळते.

पायी चालण्याचा आग्रह सर्व पंथांत एकाच कारणाने आलेला नाही, हेही येथे ध्यानात ठेवले पाहिजे. जैन साधूंचा पायी विहार ईर्यासमितीवर, म्हणजे पायाखालची जमीन पाहत जीवहिंसा टाळून चालण्याच्या नियमावर, उभा आहे. तेथे गाडी सर्वांची असली तरी तिच्या चाकाखालचा जीव वाचत नाही, म्हणून नावेचा दाखला देऊन एस.टी.ला सूट मिळवता येत नाही. तेरापंथाचे आचार्य तुलसी यांनी 1980 साली वाहन वापरू शकणारी समण श्रेणी वेगळी निर्माण केली, ती साधूंचा मूळ नियम शिथिल करायचा नव्हता म्हणूनच. महानुभावांच्या आचारात अटनाचा, म्हणजे एका जागी न रमता फिरत राहण्याचा, हेतू आसक्ती सुटावी हा आहे, त्यामुळे तेथे वाहनापेक्षा ठरलेला मुक्काम अधिक अडचणीचा ठरेल. वर्धा जिल्ह्यातच राहिलेल्या गांधीजींनी ‘हिंद स्वराज्य’मध्ये, 1909 साली, रेल्वेवर टीका केली आणि पुढे रेल्वेनेच, बहुधा तिसऱ्या वर्गातून, प्रवासही केला, विनोबांनी 1951 ते 1964 भूदानासाठी देश पायी पालथा घातला आणि 1965 च्या बिहारमधील तूफान यात्रेत वाहन स्वीकारले. या दोघांच्या वागण्यात विसंगती शोधणे सोपे आहे, पण दोघांनीही वाहन घेतले ते लोकांपासून दूर जाण्यासाठी नव्हे.

म्हणून आर्वीच्या आगाराचा निर्णय निबंधकाराच्या रीतीनेच द्यायचा तर तो अधिकारीपरत्वे, म्हणजे माणसाच्या सामर्थ्यानुसार, वेगवेगळा द्यावा लागेल. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 पासून एस.टी.चा प्रवास मोफत आहे आणि स्त्रियांना 2023 पासून अर्धे तिकीट. अशक्तांना दिलेल्या शास्त्रीय सवलतीशी यातील पहिली तरतूद सहज जुळते. नागपूर किंवा अमरावतीहून येणाऱ्याला आर्वीपर्यंत एस.टी. ही नावच आहे. धडधाकट आर्वीकराला मात्र देऊरवाड्यापर्यंत पायवाटेचा दुसरा उपाय उपलब्ध असल्याने नावेची सूट मागता येत नाही, आणि त्याचे अर्धे फळ गेले असेच म्हणावे लागेल. त्याच्यासाठी वारीतच एक तोड आहे: बहुतेक वारकरी पंढरपूरला पायी जातात आणि परतताना एस.टी. किंवा रेल्वे धरतात, आणि त्यात नियमभंग झाला असे कोणी मानत नाही. त्याच न्यायाने कौंडण्यपूरला सकाळी पायी निघावे, नदी ओलांडून दर्शन घ्यावे आणि उन्हे कलल्यावर मिळेल त्या गाडीने आर्वीला यावे. फक्त शेवटची गाडी किती वाजता आहे याची चौकशी निघण्यापूर्वी करून ठेवावी.